आधी नजर तयार कर, मग मशीन माग

नको घेऊस. जॉइंटर घ्यावा का, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. ते मी तुझ्या शेडच्या दारात उभ्या उभ्या देऊन चालू लागलो असतो. पण तू पुढं म्हणालास, "सर, त्या मशीनशिवाय फळी सरळ होतच नाही." तिथं माझं डोकं फिरलं. आयटीआयमध्ये सुतारकामाच्या ट्रेडला माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोराच्या तोंडून हे वाक्य निघावं? आता खाली बस, मोबाइल बाजूला ठेव आणि शेवटपर्यंत ऐक. माजलगावात, परळीत, बीडमध्ये तुझ्यासारखे हौसेनं घरी लाकूडकाम करणारे आणखीही आहेत. त्यांच्यापैकी ज्याच्या मनात हेच वाक्य घोळत असेल, त्यानं हे बोलणं आपल्यालाच आहे असं समजावं.

हे मशीन नेमकं काय करतं, असं मी तुला विचारलं. तुला धड सांगता आलं नाही. जी वस्तू काय करते हे माहीत नाही, तिच्यासाठी उसाच्या बिलाचे पैसे मोजायला निघालास! ऐक. वखारीत ज्याला नुसतं रंधा मशीन म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. दोन टेबलं, मधे गरगर फिरणारा कटर, त्यात दोन किंवा तीन पाती. फळी ज्या टेबलावरून आत सरकते ते कापायच्या जाडीइतकं खाली. पलीकडचं टेबल पात्याच्या टोकाशी बरोबर एका उंचीला. पातं खालून फळीचे उंचवटे काढत जातं आणि कापलेला भाग पलीकडच्या टेबलावर टेकत जातो. बाजूला एक उभी पट्टी असते, फळी तिला टेकवून कड काटकोनात काढायची. म्हणजे याची कामं दोनच: फळीचं एक तोंड सपाट करणं आणि एक कड त्या तोंडाशी गुण्यात आणणं. जाडी सारखी करणं हे त्याचं काम नव्हे. दोन्ही तोंडं याच्यावरून काढलीस तर दोन्ही सपाट होतील, पण एक टोक जाड आणि दुसरं पातळ अशी फळीही हातात येईल. जाडीसाठी वेगळं मशीन लागतं, थिकनेसर. म्हणजे आज एकासाठी पैसे काढलेस की सहा महिन्यांनी तू दुसऱ्यासाठी माझ्या दारात उभा. हा हिशेब तू केला होतास का?

आता तुझ्या कामाकडे येऊ. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाचा वरचा पाट मी हात लावून पाहिला. सागाच्या चार फळ्या, कडेला कड लावून चिकटवलेल्या. मधला जोड मध्यावर घट्ट बसलाय आणि दोन्ही टोकांना उघडा पडलाय, इतका की पोस्टकार्ड आत जावं. ती फट तू भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवलीस, वर पॉलिश मारलंस, आणि जोड फसल्याचं खापर घरात नसलेल्या मशीनवर फोडलंस. अरे, तो जोड असा का झाला ते त्या फळ्याच सांगतायत. दोन्ही कडा मधे फुगीर राहिल्या. का राहिल्या? रंधा सुरू करताना जोर पुढच्या मुठीवर हवा, शेवटी मागच्या मुठीवर हवा. तू सुरुवातीला मागे दाबलास आणि शेवटी पुढे दाबलास, म्हणून दोन्ही टोकं खाली गेली. हे मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं.

मग मी तुझा रंधा उचलला. तो रंगाच्या डब्याखाली ठेवलेला होता. पातं काढून खिडकीकडे धरलं. धारेवर उजेडाची पांढरी रेघ चमकत होती. धार खरी असली तर तिच्यावर उजेड थांबत नाही. जिथं चमक दिसते तिथं पातं बोथट आहे. एका कोपऱ्याला तर खिळ्यावर गेल्याचा खळगा होता आणि पाठीवर गंज. वर तू मला सांगतोस, "हाताच्या रंध्यानं जमत नाही." कसं जमेल? निसण्याला पाणी किंवा तेल शेवटचं कधी लागलं होतं ते तुला आठवलंही नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे तुझ्यासाठीच लिहून ठेवलंय.

हा दोष मशीन नसल्याचा नाही. हा दोष फळी न तपासता काम सुरू करण्याचा आहे. फळीला दोष किती तऱ्हेचे असतात? लांबीत बाक येतो, रुंदीत पन्हळ पडते, कड धनुष्यासारखी वळते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पीळ. बाक आणि पन्हळ सरळपट्टी टेकवली की कुणालाही दिसते. पीळ दिसत नाही. पीळ असलेली फळी टेबलावर ठेवली की समोरासमोरचे दोन कोपरे टेकतात आणि उरलेले दोन डुगडुगतात. तुझ्या चारपैकी दोन फळ्यांना पीळ होता. म्हणून कडा कितीही काढल्यास तरी पाट सपाट झाला नाही आणि म्हणून त्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवला की तो हलतो.

पीळ कसा पाहायचा ते परत सांगतो. ही शेवटची वेळ. दोन पट्ट्या घ्यायच्या, दीड-दोन फूट लांब, दोन्हींची रुंदी अगदी एकसारखी, कडा सरळ. त्यातल्या एकीच्या वरच्या कडेला काळा रंग दे, म्हणजे नजरेला फरक कळतो. एक पट्टी फळीच्या जवळच्या टोकावर आडवी ठेव, दुसरी लांबच्या टोकावर. आता उभा राहू नकोस, गुडघे टेकून खाली बस. डोळा जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेशी आण आणि तिच्यावरून लांबची पट्टी बघ. दोन्ही कडा एकमेकींवर झाकल्या गेल्या तर फळी सपाट. लांबच्या पट्टीचं उजवं टोक वर दिसलं, तर लांबचा उजवा कोपरा आणि जवळचा डावा कोपरा उंच आहेत. तिथं पेन्सिलीनं खूण कर. रंधा त्या दोन कोपऱ्यांवर, तिरपा मार. बाकीच्या फळीला हात लावू नकोस. दोन-चार ढलप्या निघाल्या की परत पट्ट्या ठेव, परत खाली वाकून बघ. पीळ गेला की पन्हळीकडे वळ: लाकडाच्या रेषांना आडवा रंधा चालव, मग तिरपा, मग सगळ्यांत शेवटी लांबीत, रेषांच्या दिशेनं. रेषा उलटी असली तर लाकूड सोललं जाईल. मग फळी फिरव, जोर वाढवू नकोस. एक तोंड सपाट झालं की त्याच्यावर खूण कर. मग एक कड त्या तोंडाशी गुण्यात आण, तिच्यावरही खूण कर. पुढची सगळी मापं या दोन खुणांवरूनच घ्यायची. तुझ्या चारही फळ्यांवर मला एकही खूण दिसली नाही. म्हणजे मापं तू वाटेल त्या कडेवरून घेतलीस.

तुझी सरळपट्टी तरी सरळ आहे का? तेही कधी तपासलं नाहीस. त्यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही. प्लायच्या तुकड्यावर पट्टी ठेवून टोकदार पेन्सिलीनं रेघ ओढ. मग पट्टी उलटवून तीच कड पलीकडच्या बाजूनं त्याच रेघेला लाव आणि परत रेघ ओढ. दोन्ही रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मधे फट दिसली तर पट्टी वाकडी, आणि वाकडेपणा दिसतो त्याच्या निम्मा. गुण्याही असाच पारखायचा: एका सरळ कडेवरून लंब ओढायचा, गुण्या पालथा करून परत ओढायचा. दोन मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे एक खरी सरळपट्टी आणि एक खरा गुण्या आहे, त्याला आपली चूक शोधायला दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही.

तू म्हणशील, मशीन आलं की हे सगळं करावंच लागणार नाही. इथंच तुझी सगळ्यांत मोठी चूक आहे. पीळ असलेली फळी मशीनवर दोन्ही हातांनी दाबून चालवलीस तर दाबाखाली ती तेवढ्यापुरती सरळ होते, पातं तिच्यावरून जातं, आणि हात काढला की ती परत पिळून उभी राहते. कुठले कोपरे उंच आहेत, पोकळ बाजू खाली ठेवायची की वर, रेषा कुठल्या दिशेला आहे, हे मशीनवर ठेवण्याआधी तुलाच ठरवावं लागतं. आणि मशीन लावायचं कुणी? पलीकडचं टेबल पात्यापेक्षा केसभर खाली राहिलं तर फळीच्या शेवटच्या टोकाला खड्डा पडतो. केसभर वर राहिलं तर फळीचं तोंड टेबलाच्या कडेवर अडतं नाहीतर कड हळूहळू तिरकी होत जाते. दोन्ही टेबलं एका पातळीत आहेत का, उभी पट्टी काटकोनात आहे का, सगळी पाती सारख्या उंचीवर आहेत का, हे तपासायला तीच सरळपट्टी, तोच गुण्या आणि तीच नजर लागते. ज्याला सपाट म्हणजे काय हे कळत नाही, त्याच्या हाती मशीन दिलं तर तो वाकडं काम जास्त वेगानं करील. एवढाच फरक पडेल.

आणखी एक गोष्ट, आणि ही माजलगावच्या उन्हाशी निगडित आहे. तुझं शेड पत्र्याचं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. हवा कोरडी ठक्क. जून-जुलैत पाऊस लागला की तीच हवा दमट. लाकूड या हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेनं साधारण पावणेसहा टक्के आकसतो आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेनं अडीच टक्के. या दोन आकड्यांतला फरक म्हणजेच पन्हळ. चांगल्या वाळलेल्या सागाची फूटभर रुंद फळीसुद्धा पावसाळ्यातून उन्हाळ्यात जाताना दोन मिलिमीटरच्या आसपास हलू शकते. तुझी फळी कुठून आली? वखारीतून पावसात आणलीस, भिंतीला टेकवून उभी केलीस, एका बाजूला पत्र्याची झळ आणि दुसऱ्या बाजूला भिंतीची ओल. ती पिळणार नाही तर काय करील? रविवारी जॉइंटरवर आरशासारखी सपाट केलेली फळी बुधवारपर्यंत त्याच जागी परत वाकते. कुठल्या कामाच्या लाकडात ओलावा किती असावा, यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस २८७ हे मानक आहे आणि त्यात हवामानानुसार देशाचे विभागही पाडलेले आहेत. हे काम इतकं महत्त्वाचं आहे म्हणून मानक झालं. तू मात्र फळी आणलीस त्याच संध्याकाळी कापायला घेतलीस.

लाकूड आणलं की आडवं रच. खाली विटा, विटांवर सरळ पट्ट्या, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकावर एक बरोबर रेषेत. वर वजन. उन्हापासून लांब, वारा खेळता राहील असं. इंचभर जाडीची ओली फळी अशी वाळायला साधारण वर्ष लागतं, असा सुतारांचा जुना अंदाज आहे. वाळलेलं म्हणून आणलेलं लाकूडही शेडमध्ये काही आठवडे पडू दे. मग ओबडधोबड कापून जादा जाडी ठेव, दोन्ही तोंडांवरून सारखंच लाकूड काढ, परत काही दिवस ठेव आणि मग अखेरचा रंधा मार. या धीराला पैसा लागत नाही. आणि जो हा धीर धरत नाही, त्याचं काम कुठलंच मशीन वाचवू शकत नाही.

तुझ्या आजोबांचं गावातलं घर माळवदाचं होतं ना? आपल्या तालुक्यात अशी घरं अजून उभी आहेत. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर लाकडाची आडवी मांडणी आणि वर मातीचा जाड थर. खणांवर खण जोडलेले. त्या घरांची दारं आठव. दोन-अडीच बोटं जाड फळ्या कडेला कड लावून उभ्या केलेल्या, मागून आडव्या पट्ट्या, चौकटीला कडी-कोयंडा. त्यातली कितीतरी दारं आजही चौकटीत नीट बसतात. ती घडवली तेव्हा गावात विजेचा खांबही नव्हता. सुताराजवळ वाकस होती, करवत होती, पटाशी होती, गिरमिट होतं आणि बाभळीच्या नाहीतर शिसवाच्या ठोकळ्यातून स्वतःच घडवलेला, पाचर मारून पातं अडकवलेला रंधा होता. १९८७ साली सिंदफणेवरचं धरण झालं, कालव्याचं पाणी आलं आणि आपल्याकडे उसाचा पसारा वाढला. कारखान्याकडे ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या त्या काळी कुणी नीट ठेवल्या? तुंब्यात आरे ठोकून वर लोखंडी धाव चढवायची, तर एकही आरा केसभर लांडा चालत नाही. बाभळीसारखं कडक लाकूड त्या माणसांनी नजरेनं सरळ केलं. तिफण, पाभर, कुळव, जू, सगळं त्यांच्या हातचं. त्यांना बलुत्यात मोजलं गेलं, मानात नाही. आणि आज शिकलेला पोरगा त्याच हातरंध्याला जुनाट म्हणून डब्याखाली ठेवतो, याचा मला खरा राग आहे. मशीन न घेतल्याचा किंवा घेण्याचा नाही.

जगातही याहून वेगळं घडलेलं नाही. रोमन लोकांचे रंधे पॉम्पेईच्या उत्खननात सापडलेत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथमनं लाकूड रंधायच्या मशीनचं पेटंट घेतलं ते १७९१ साली. त्याआधीच्या जगातलं सगळं फर्निचर, जहाजं, देवळांची दारं, हातांनी सपाट झाली. त्यानंतरही हातरंधा मेला नाही. अमेरिकेच्या स्टॅनली कंपनीनं १८६९ मध्ये लेनर्ड बेलीचा कारखाना विकत घेऊन लोखंडी रंध्यांची जी क्रमांकांची मालिका चालवली, तिच्यात सात नंबरचा रंधा २२ इंच लांब आहे आणि त्याचं नावच जॉइंटर आहे. मशीनच्या आधी जॉइंटर हा हाताचा रंधा होता. त्याचा तळ इतका लांब का? छोटा रंधा फळीच्या खळग्यात उतरतो आणि खळग्याबरोबर चालतो. लांब रंधा खळग्यावरून पुलासारखा जातो आणि फक्त उंचवटे काढतो. तुझ्याकडे विजेचा जो हाती प्लेनर आहे, त्याचा तळ फूटभरही नाही. त्याच्यानं पाच फुटी कड काढायला गेलास तर कडा लाटांसारख्या होणारच. तो जाडजूड लाकूड झटपट उतरवायला ठेव, जोडाची कड त्याच्याकडून मागू नकोस.

मग करायचं काय, ते सांगतो. तक्रार ऐकून घेणं आणि उपाय न सांगणं हा माझा धंदा कधीच नव्हता.

पहिलं, एक लांब रंधा मिळव. बावीस इंची मिळाला तर उत्तम, नाहीतर चौदा इंची लोखंडी रंधा घे. त्याचा तळ सरळपट्टीनं पार, पातं निसण्यावर लाव, इतकं की हाताच्या अंगठ्याचं नख धारेवर अलगद टेकवलं तर न घसरता अडेल. मनगटाचे केस भादरून पाहायची गरज नाही. दुसरं, दोन फळ्यांचा जोड करताना दोघी पुस्तकासारख्या मिटवून, कडा वर करून, शिकंज्यात एकत्र धर आणि दोन्ही कडा एकाच वेळी रंध. कड काटकोनात थोडी चुकली तरी फळ्या उघडल्यावर एकीची चूक दुसरीच्या चुकीला बरोबर मिळते आणि पाट सपाट बसतो. ही युक्ती तुला ट्रेडमध्ये शिकवली होती. लांबीत मध्यावर अगदी कागदभर पोकळी ठेव, म्हणजे शिकंजा आवळला की टोकं घट्ट दाबली जातात. तुझ्या जोडाचं नेमकं याच्या उलट झालं होतं.

तिसरं, वीज वापरायचीच असेल तर आहे त्या साधनांची अक्कल वापर. कड सरळ हवी तर कारखान्यात कापलेली प्लायची सरळ पट्टी फळीवर पक्की धरून तिला टेकवून राउटर किंवा हाताची गोल करवत चालव. अरुंद, लांब पाट करायचा आहे आणि मशीन घ्यायचंच असेल, तर जॉइंटरच्या आधी छोटा थिकनेसर घेण्याचा विचार कर. सपाट ब्लॉकबोर्डवर फळी ठेव, उंच कोपऱ्यांखाली जिथं फट आहे तिथं बारीक पाचरी सरकवून चिकटव, पुढे अडवायला पट्टी मार, आणि बोर्डासकट थिकनेसरमधून काढ. वरचं तोंड सपाट होतं. मग फळी उलटून सुटी घाल, दुसरं तोंड समांतर होतं. म्हणजे एकाच मशीनमध्ये दोन्ही कामं. पण पाचर कुठं घालायची हे पुन्हा त्या दोन पट्ट्याच सांगणार.

चौथं, आपल्या गावात वखार आहे. वर्षात एक पलंग आणि एक कपाट करणाऱ्या माणसानं लाकूड खरेदी करतानाच मालकाला सांगून दोन तोंडं आणि एक कड तिथल्या मशीनवर काढून घ्यावी. रनिंग फुटाच्या हिशेबानं पैसे दे, समोर उभा राहा, गुण्या खिशात ठेव, जिथं चुकलंय तिथं तिथंच दाखव. यात कमीपणा काही नाही. आणि प्लायचं काम करत असशील तर हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. आठ बाय चारची शीट कारखान्यातून सपाट येते. गेल्या वर्षी घरात केलेल्या कामांपैकी निम्मी तू प्लायमध्ये केलीस. त्यातलं एकही काम जॉइंटरवाचून अडलं नव्हतं.

पैशाबद्दल आणि बोटांबद्दल बोलल्याशिवाय तुला सोडणार नाही. मोंढ्यात खत-बियाण्यांचं दुकान आहे म्हणून पैसा वर आला असं नाही. बँकेचं पीककर्ज फिटायचंय, पोरीची फी आहे, बोअरची मोटर दोनदा जळलीय. त्या पैशातून शेडमध्ये ओतीव लोखंडाचं एक धूड उभं करायचं आणि ते महिन्यातून एका रविवारी चालवायचं, हा हिशेब तुझ्या बायकोसमोर मांडून बघ. आणि हे मशीन निष्काळजी माणसाला माफ करत नाही. पात्यावरचं आवरण काढून ठेवायची वाईट खोड आपल्या भागात सर्रास आहे. लाकूड फूटभराहून आखूड असेल तर ते या मशीनवर घालायचंच नाही. हात पात्यावरून कधीच न्यायचा नाही, फळी ढकलायला ठोकळा वापरायचा. हातमोजे घालायचे नाहीत, सैल बाही नाही, पाठीमागं पोर खेळत असताना स्विच नाही. तुझं शेड स्वयंपाकघराला लागून आहे आणि पोरगी दिवसभर ये-जा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ १९९५ साली कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. ती धूळ तुझ्या चुलीपर्यंत जाणार आहे. धूळ ओढून घेणारं यंत्र घेतलंस का, असं विचारलं तर तू दाराकडे बघायला लागलास.

जॉइंटर कुणालाच नको, असं मी म्हणत नाही. ज्याचं पोट सुतारकामावर आहे, ज्याला आठवड्याला पाच-पंचवीस फळ्या सरळ करायच्या आहेत, ज्याच्या दारात चौकटींच्या ऑर्डरी उभ्या आहेत, त्यानं ते जरूर घ्यावं आणि उशीर करू नये. त्याचा वेळ म्हणजेच त्याची मजुरी. ज्याचा खांदा साथ देत नाही, पण कामाची ओढ सुटत नाही, त्यानंही घ्यावं. त्याला बोलणारा मी कोण? पण या दोघांना आणि तुला एकच गोष्ट लागू आहे: मशीन श्रम वाचवतं, अज्ञान वाचवत नाही. तुझे श्रम अजून झालेच नाहीत. जे झालेच नाहीत ते वाचवायचे कशाला?

मला वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी की तुझ्या हातात गुण आहे. ट्रेडमध्ये असताना तुझ्या पटाशीचं काम वर्गात सगळ्यांत स्वच्छ होतं. तू दुकानाला गेलास, संसाराला लागलास, ते योग्यच केलंस. रविवारी परत लाकडाकडे वळलास, याचा मला आनंदच झाला होता. पण हौस म्हणजे सामान गोळा करणं नव्हे. हौशी माणसानं तर धंदेवाल्यापेक्षा जास्त चोख काम करावं, कारण त्याच्या मागं ना गिऱ्हाईक उभं आहे ना मुदत. त्याला चुकीची सबब नाही.

आता गृहपाठ. बाभळीची नको, कडुलिंबाची घे, मऊ जाते. तीन फूट लांब, सहा इंच रुंद अशा दोन फळ्या. पातं आधी निसण्याला लाव. दोन पट्ट्यांनी पीळ बघ, खुणा कर, एक तोंड सपाट कर, एक कड गुण्यात आण. मग दोन्ही कडा मिटवून एकत्र रंध. फळ्या एकीवर एक उभ्या कर आणि खिडकीसमोर धर. मधली कागदभर पोकळी सोडून जोडातून कुठं उजेड आला तर परत शिकंज्यात घाल. नाही आला, तर दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबून बघ, वरची फळी डुगडुगते का ते. डुगडुगली तर मध्य फुगीर आहे. परत घाल. जोपर्यंत फेविकॉलशिवाय, शिकंज्याशिवाय त्या जोडाची टोकं मिटत नाहीत, तोपर्यंत डबा उघडायचा नाही. जमलं की मुलीचं टेबल खोल, तो पाट जोडांवरून उघड, भुश्याची लापशी खरवडून काढ आणि चारही फळ्या याच रीतीनं नव्यानं बसव. त्या टेबलावर पेला हलला नाही, की मला बोलव. मग मशीनचं बोलू, आणि तेव्हा तुला ते खरोखर हवं असेल तर ते नीट लावून द्यायला मी स्वतः येईन.